दमा : संयुक्त श्वसनमार्गी औषधे

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकालीन शोथ (दाहयुक्त सूज) येतो व नलिकांभोवतीचे स्नायू वेळोवेळी आकसतात. या दोन्ही विकृतींवर एकाच वेळी कार्य करणारी, श्वासावाटे घ्यावयाची मिश्रणे म्हणजे संयुक्त श्वसनमार्गी औषधे होत. त्यांत शोथ कमी करणारे स्टेरॉइड व स्नायू शिथिल करणारे दीर्घक्रिय औषध असते.

चरकसंहितेत ‘तमक श्वास’ या नावाने दम्यासारख्या विकाराचे वर्णन आढळते. धोत्र्याचा धूर ओढण्याचा भारतीय उपाय १८०२ मध्ये मद्रासहून ब्रिटनमध्ये गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छातीच्या विकारांत हवापालटावर भर असे. सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम निघाले. सांगली जिल्ह्यातील मिरजेत विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. पुढे त्यांच्या नावाच्या वानलेसवाडीत आरोग्यधाम झाले. ही आरोग्यधामे मुख्यतः क्षयरोग्यांसाठी होती. तथापि दमेकऱ्यांनाही हवापालटाचा सल्ला मिळे. तो सर्वांना परवडणारा नव्हता आणि त्याने शोथ दूर होईलच, असेही नव्हते.

मापित मात्रेचा फवारा (बोलीत ‘पंप’) १९५६ मध्ये प्रचारात आला. त्यातील आयसोप्रेनॅलिनाने तात्काळ आराम पडे. पण हृदयाची गतीही वाढे. १९६०–७० या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याचे मृत्यू वाढले व त्यांचा संबंध या औषधाच्या तीव्र मात्रेच्या फवाऱ्यांशी जोडला गेला. साल्ब्यूटामॉल (१९६९) हे अधिक निवडक ठरले. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन हे श्वसनमार्गी स्टेरॉइड आले. तथापि त्याचा गुण सावकाश येत असल्याने अनेक रोगी ते टाळून केवळ आराम देणारा पंप वापरीत. आत शोथ वाढतच राही. दोन्ही औषधे एकाच उपकरणात आणल्याने ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

सन २००० च्या सुमारास फ्लूटिकासोन–साल्मेटेरॉल व ब्यूडेसोनाइड–फॉर्मोटेरॉल ही मिश्रणे प्रचारात आली. दोहोंतील शिथिलकांचा परिणाम सुमारे १२ तास टिकतो. साल्मेटेरॉलाचा गुण मात्र उशिरा येत असल्याने ते मिश्रण ठराविक वेळीच घ्यावयाचे असते. ऐन धापेत ते उपयोगी नाही. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच कार्य करू लागते, म्हणून ते मिश्रण नियमित व गरजेनुसारही वैद्यकीय सल्ल्याने घेता येते. दम्याविषयीच्या जागतिक उपक्रमाने (जीना) २०१९ मध्ये प्रौढ व किशोरवयीन रोग्यांसाठी केवळ साल्ब्यूटामॉलावर विसंबण्याची शिफारस मागे घेतली. स्टेरॉइडयुक्त औषध घेतल्यावर चूळ भरणे आवश्यक असते. अन्यथा तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

ऊसपट्ट्यात पाचट जाळल्याने होणारा धूर दमा चेतवू शकतो. तेथील रोग्याला गाव सोडणे शक्य नसते. अशा वेळी योग्य मिश्रणाचा नियमित वापर हाच मुख्य आधार होय.