राहणार मेक्सिकोत, कर अमेरिकेला: कुक विरुद्ध टेट, १९२४

१/ मेक्सिको सिटीत कायमचा स्थायिक झालेला एक अमेरिकन गृहस्थ. घर तिथे, मालमत्ता तिथे, उत्पन्नही तिथलेच. तरीही १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या महसूल खात्याने त्याच्याकडे वार्षिक विवरणपत्र मागितले आणि १,१९३ डॉलर ३८ सेंट कर आकारला. त्याचे नाव जॉर्ज कुक. आजचा धागा त्याने विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे: घर एका देशात आणि नागरिकत्व दुसऱ्या देशाचे असेल, तर उत्पन्नाचा हिशेब कोणापुढे मांडायचा?

२/ विषय रुक्ष वाटेल. पण राज्य कोणाला ‘आपला’ मानते, हे करकायदा वाचला की फार स्पष्ट कळते. कर आकारताना राज्यापुढे तीन प्रश्न असतात: माणूस राहतो कुठे? पैसा मिळतो कुठे? आणि माणूस नागरिक कोणाचा? जगातील बहुतेक देशांनी पहिल्या दोन प्रश्नांवर आपली करव्यवस्था उभारली. अमेरिकेने तिसराही सोडला नाही. तो का सोडला नाही, याचे मूळ एका यादवी युद्धात आहे.

३/ आधी ब्रिटनकडे पाहू. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७९९ मध्ये प्राप्तिकर लागू केला. वार्षिक २०० पौंडांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांना दर दहा टक्के होता. निकष मुख्यतः वास्तव्याचा. परदेशातले उत्पन्न ब्रिटनमध्ये आणले तरच त्यावर कर, ही सवलतही तेव्हाचीच. पुढे आक्रसत गेलेल्या या सवलतीचा शेवटचा अवशेष, ‘नॉन-डॉम’ रहिवाशांची सूट, एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला.

४/ अमेरिकेत प्राप्तिकर आला तो १८६१ मध्ये, यादवी युद्ध पेटल्यावर. वार्षिक ८०० डॉलरवरील उत्पन्नाला तीन टक्के असा दर ठरला. परदेशी राहणाऱ्या नागरिकाच्या अमेरिकेतील मालमत्तेच्या उत्पन्नाला मात्र पाच टक्के! प्रत्यक्ष वसुली १८६२ च्या नव्या कायद्याने सुरू झाली आणि त्यातही परदेशस्थांना वेगळी वागणूक कायम राहिली.

५/ यामागे केवळ तिजोरीची निकड नव्हती, रोषही होता. देशात तरुण मरत असताना काही धनिक पॅरिससारख्या शहरांत निवांत राहतात, उत्पन्न मात्र इथून उचलतात, ही भावना प्रबळ होती. १८६४ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. नागरिक कोठेही राहो, उत्पन्न कोठलेही असो, ते करपात्र ठरले. परदेशवास म्हणजे कर्तव्यातून पळवाट, हा संशय अशा रीतीने कायद्यात शिरला.

६/ युद्ध संपले. १८७२ मध्ये तो प्राप्तिकरही संपला. १८९४ मध्ये पुन्हा आणलेला कर सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये घटनाबाह्य ठरवला. अखेर १९१३ मध्ये राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी आजच्या अमेरिकी प्राप्तिकराचा पाया घातला गेला. त्यात कर कोणाला? देशात वा परदेशात राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाला, आणि अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला. रोषाचे कारण पन्नास वर्षांपूर्वीच निवले होते, तरतूद मात्र टिकून राहिली.

७/ आरंभी कर सौम्य होता, सर्वाधिक दर सात टक्के. पहिल्या महायुद्धात तोच ७७ टक्क्यांवर गेला. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर घेतला तर हाती काय उरणार? म्हणून १९१८ मध्ये अमेरिकेने एक तोड काढली: परक्या देशात भरलेला प्राप्तिकर अमेरिकी करातून वजा करून घ्यायचा. येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ टॉमस अ‍ॅडम्स हे तिचे शिल्पकार. आजचा ‘फॉरेन टॅक्स क्रेडिट’ तो हाच.

८/ पण वजावट मिळण्यासाठी आधी दुसरीकडे कर भरलेला असावा लागतो. मेक्सिकोत प्राप्तिकराचा पहिला प्रयोग झाला जुलै १९२१ मध्ये. स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त तो फक्त एका महिन्यापुरता होता. नियमित कर आला १९२४ मध्ये. त्यामुळे कुकसारख्यांना या वजावटीचा आधार फारसा नव्हता.

९/ कुकने पहिला हप्ता, २९८ डॉलर ३४ सेंट, निषेध नोंदवून भरला आणि ती रक्कम परत मिळावी म्हणून दावा लावला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे असा दावा वसुली करणाऱ्या अधिकाऱ्यावर होत असे. मेरीलँडचे कर-अधिकारी होते गेलन टेट. खटल्याला नाव मिळाले ‘कुक विरुद्ध टेट’. रक्कम किरकोळ, पण प्रश्न सार्वभौमत्वाचा!

१०/ कुकचे म्हणणे सरळ होते. मी तुमच्या भूमीवर नाही, माझी ही मालमत्ता तुमच्या भूमीवर नाही. मग कर आकारण्याचा अधिकार कोठून आला? ५ मे १९२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती जोसेफ मॅकेना यांनी लिहिलेल्या त्या छोट्याशा निकालाचा आशय असा: शासनाचा लाभ नागरिकाला आणि त्याच्या मालमत्तेला तो जेथे असेल तेथे मिळतो. म्हणून कराचा अधिकार भूमीवर अवलंबून नसून नागरिकत्वाच्या नात्यावर उभा आहे.

११/ हा युक्तिवाद पोकळ होता का? संदर्भ ध्यानात घ्या. १९१० पासून दशकभर मेक्सिको क्रांतीत होरपळत होता. १९१४ मध्ये अमेरिकी फौजांनी व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेतले होते. शेजारच्या बलाढ्य राज्याचे नागरिक असणे ही मेक्सिकोत निव्वळ कागदी गोष्ट नव्हती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कुक ज्या रस्त्यांवरून चालत होता, ज्या पोलिसांच्या भरवशावर झोपत होता, ते मेक्सिकोचे होते.

१२/ गंमत अशी की, निकालाच्या एकच वर्ष आधी, १९२३ मध्ये, राष्ट्रसंघाने नेमलेल्या चार अर्थतज्ज्ञांनी नेमके उलट दिशेचे मत मांडले होते. ब्रुइन्स, आयनाउदी, सेलिग्मन आणि स्टॅम्प ही ती मंडळी. त्यांच्या मते माणसे आणि भांडवल सीमा ओलांडू लागल्यावर राजकीय निष्ठेचा निकष अपुरा पडतो. कर ठरावा तो ‘आर्थिक निष्ठे’वरून, म्हणजे संपत्ती कोठे निर्माण होते, कोठे असते आणि कोठे उपभोगली जाते यावरून.

१३/ यांतले एडविन सेलिग्मन मराठी वाचकाला परके नाहीत. कोलंबिया विद्यापीठातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे गुरू. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. द्विपक्षीय करारांच्या पुढच्या जगाला या अहवालाने दिशा दिली. अमेरिकेने करार केले, पण नागरिकत्वाचा हक्क राखूनच.

१४/ आता या कथेची काळी बाजू. ज्या न्यायालयाने १९२४ मध्ये नागरिकत्वाचे नाते इतके अतूट ठरवले, त्याच न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेला हा पंजाबी तरुण ‘श्वेतवर्णीय’ ठरत नाही, एवढेच कारण पुरले. या निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले.

१५/ कर मात्र टळला नाही. अमेरिकेत राहणारा परका माणूसही १९१३ च्या कायद्यानुसार जगभरच्या उत्पन्नावर करपात्रच होता. म्हणजे परदेशी गेलेल्या अमेरिकनाला सांगायचे, ‘तू नागरिक आहेस, म्हणून भर’. आणि अमेरिकेत आलेल्या भारतीयाला सांगायचे, ‘तू नागरिक होऊ शकत नाहीस, पण राहतोस, म्हणून भर’. वसुलीच्या वेळी दोन्ही निकष हाताशी, हक्क देताना मात्र एकच. या विसंगतीपाशी थोडे थांबायला हवे.

१६/ पुढे काय झाले? १९२६ पासून परदेशात कमावलेल्या उत्पन्नाला सूट मिळू लागली आणि ती वेगवेगळ्या रूपांत आजही आहे. विवरणपत्र भरण्याचे बंधन मात्र सुटले नाही. १९७० च्या कायद्याने परदेशी बँकखात्यांची माहिती देणे भाग पाडले. २०१० च्या ‘फॅटका’ कायद्याने तर जगभरच्या बँकांनाच अमेरिकी खातेदार शोधून कळवायला लावले. परिणामी युरोपातील काही बँकांनी असे खातेदार घेणेच नाकारले.

१७/ न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणीच अमेरिका सोडलेल्या बोरिस जॉन्सन यांनाही लंडनमधील घराच्या विक्रीवर अमेरिकी कराची मागणी आली. लंडनचे महापौर असताना त्यांनी आधी नकार दिला, मग कर भरला, आणि पुढे अमेरिकी नागरिकत्वच सोडले. त्यांच्यासारखे केवळ जन्माच्या योगायोगाने ‘अमेरिकन’ ठरलेले अनेक जण युरोपात आहेत. नागरिकत्वावर कर घेणाऱ्या देशांत अमेरिकेच्या जोडीला नाव घेतले जाते ते इरिट्रियाचे.

१८/ आपल्या घरांपर्यंत हा इतिहास पोहोचतो तो उलट्या वाटेने. न्यू जर्सीत नोकरी करणारा पुण्याचा अभियंता ग्रीन कार्डधारक असेल, किंवा दिवसांच्या मोजणीत ‘रहिवासी’ ठरत असेल, तर आईबरोबरच्या संयुक्त खात्याचे आणि मुदत ठेवींचे व्याजही त्याला १५ एप्रिलच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजही अमेरिकेत आपोआप करमुक्त ठरत नाही. सर्व परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर त्यांची स्वतंत्र माहिती द्यायची. दरम्यान महागाई कितीही वाढली, तरी ही मर्यादा दहा हजारांवरच अडून आहे.

१९/ भारताचा नियम मुख्यतः वास्तव्याचा आहे. अनिवासी भारतीयाकडून सर्वसाधारणपणे भारतातील उत्पन्नावरच कर घेतला जातो. पण २०२० च्या वित्त कायद्याने एक अपवाद केला. भारतातून १५ लाखांहून अधिक उत्पन्न आणि जगात कोठेही करपात्र नसणे, अशी स्थिती असलेल्या भारतीय नागरिकाला ‘रहिवासी’ मानले जाते. १८६१ चा तो जुना संशय, परदेशवास म्हणजे पळवाट, इथे पुन्हा डोकावतो.

२०/ कुक हरला, पण त्याचा प्रश्न निकाली निघाला नाही. माझ्यावर हक्क कोणाचा? जिथे जन्मलो त्या भूमीचा, की जिचे रस्ते, शाळा, दवाखाने रोज वापरतो तिचा? शंभर वर्षांपूर्वी एका गृहस्थाने २९८ डॉलरसाठी तो न्यायालयात नेला. आज तो लाखो स्थलांतरितांच्या विवरणपत्रांत दरवर्षी नव्याने उभा राहतो. तुमच्या घरातले कोणी परदेशी असेल, तर पुढच्या फोनवर एप्रिल महिना कसा गेला हे जरूर विचारा.