ओझं न वाहणारा बैल

पुसद, दिग्रस, आर्णी, महागाव. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यातले बंजारा तांडे आज कापूस पिकवतात. त्यांच्या पूर्वजांचा धंदा लदेणीचा होता. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकायच्या, मीठ आणि धान्य भरायचं आणि शेकडो कोस चालायचं. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडावर चालून आला, तेव्हा त्याच्या फौजेची रसदही बंजाऱ्यांच्या बैलांवरून येत होती.

वाटेत पूर, वाघ, लुटारू. सगळ्यांत मोठा धाक गुरांच्या रोगाचा, कारण बैल गेले की तांडाच बसला.

म्हणून एक बैल देवाचा असे. शेजारच्या वाशीमला एकोणिसाव्या शतकात पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेजने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. या बैलाला हटाडिया म्हणत. तो बालाजीला वाहिलेला, त्याच्या पाठीवर कधी ओझं नाही. लाल रेशमाच्या झालरी, घुंगरं, कवड्यांच्या माळा घालून तो सगळ्यांच्या पुढे चाले. दमून जिथे बसेल तिथे तांड्याचा मुक्काम. संकट आलं की त्याच्या पायाशी नवस बोलायचा, माणूस किंवा जनावर आजारी पडलं तरी त्यालाच शरण जायचं. ज्यांचं सगळं पोट बैलांच्या पाठीवर, त्यांनी एक पाठ देवासाठी मोकळी सोडावी, ही कृतज्ञता साधी नव्हे.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि लदेणी मोडत गेली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अनेक प्रांतांत बंजाऱ्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसायला १९५२ साल उजाडलं. तांडे डोंगरउतारावर स्थिरावले, हाती नांगर आला.

हटाडिया मागे पडला, पण देवाचे उपकार आठवणं टिकलं. बंजाऱ्यांचे आराध्य संत सेवालाल महाराज यांनी देह ठेवला तो दिग्रसजवळच्या रुईगडावर, आणि समाधी पोहरादेवीला, असं परंपरा सांगते. १५ फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीला तांड्यातांड्यांत भोग लागतो: पेटत्या निखाऱ्यांवर तूप आणि गोड नैवेद्य, मग सगळे उभे राहून अरदास, म्हणजे प्रार्थना. तिच्यात मागणं स्वतःपुरतं नसतं. गुराढोरांचं, किड्यामुंगीचंही भलं मागितलं जातं. दिवाळीला धबुकार होतो. तेव्हा निखाऱ्यांवर लापशी वाहून पूर्वजांची नावं घेतात.

याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा इतिहास ग्रंथांत आहे. लदेणीवर चाललेल्या बाकीच्या माणसांची नावं मात्र फक्त धबुकाराच्या वेळी उच्चारली जातात. ज्यांच्या घरी ती पाठ असलेली म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांनी येत्या दिवाळीला वही घेऊन बसावं आणि एकेक नाव लिहून घ्यावं.