मावळचा इस्तावा आणि नव्या धंद्याची जोखीम

सन 1630 ते 1632 या काळात दख्खनेवर जो भीषण दुष्काळ कोसळला आणि ज्याच्या आगेमागे आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे कसबा उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला, त्यानंतर रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड आणि कानद खोरे या, म्हणजे भोर-वेल्ह्याच्या, मुलखात पडीक रानाला पुन्हा औत लावणे हे ऐन मंदीत नवा धंदा मांडण्याइतकेच साहसाचे कृत्य होते. बैल मेलेले, बियाणे खाऊन संपलेले, रयत परागंदा आणि रानात लांडग्यांचा उपद्रव, अशा स्थितीत जो कुणबी पहिल्याने परत येईल त्याचे पहिले पीक बुडाले तर ते नुकसान कोणी सोसावयाचे, हा प्रश्न शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवांपुढे उभा होता. आणि त्याचे उत्तर कौल, म्हणजे सवलतीचे लेखी अभयवचन, देऊन इस्तावा ठरविणे हे होते.

इस्ताव्याची रीत अशी की, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावयाचा, दरसाल तो थोडथोडा चढवीत न्यावयाचा, आणि बखरींचा दाखला मानावयाचा तर आठव्या वर्षाच्या सुमारास मलिकंबरी धाऱ्याप्रमाणे, म्हणजे मलिक अंबरने बसविलेल्या दराने, पुरता वसूल घ्यावयाचा. नव्या पेठा वसविताना उदमी लोकांनाही काही वर्षांच्या जकातमाफीचे कौल देण्याचा त्या काळी प्रघात होता. हप्ता आधी आणि भरपाई मागाहून हा आजच्या विम्याचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो. धंदा उभा राहीपर्यंतची जोखीम सरकारने पत्करावयाची आणि तिचे मोल, जम बसल्यावर, भरल्या महसुलातून वसूल करावयाचे. यात औदार्य होते तसा हिशेबही होता, आणि माझ्या मते हिशेबच अधिक होता. ओसाड गावापासून सरकारला दमडीही मिळत नाही, हे त्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

हेच धोरण 5 सप्टेंबर 1676 रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात अधिक विस्ताराने आले आहे. पत्र घाटाखालच्या कोकणातील सुभ्याचे असले तरी त्यामागील कारभाराची रीत राजगडाच्या छायेतील याच खोऱ्यांत मुरलेली होती. ज्याच्याजवळ मनुष्यबळ आहे पण बैल नाही त्याला बैलासाठी रोख द्यावे, पोटासाठी खंडी दोन खंडी दाणे द्यावे, वाढीदिढी, म्हणजे व्याज, न घेता केवळ मुद्दल, तेही ऐपत येईल तसतसे हळूहळू उगवून घ्यावे, आणि यापायी दोन लाख लारीपर्यंत (लारी हे त्या काळचे चांदीचे नाणे) खर्च झाला तरी हरकत नाही, अशी त्यातील आज्ञा आहे. न उगवणारी जुनी बाकी माफ करण्याचीही तीत तरतूद आहे.

या व्यवस्थेलाही मर्यादा होत्याच. 1665 च्या एप्रिलात मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंहाच्या हुकमाने दाऊदखानाने रोहिडा आणि राजगडाच्या पायथ्याची गावे जाळली, तेव्हा कौलाच्या कागदाने कोणाचे खळे वाचले नाही. आजच्या पॉलिसीतही युद्ध हे वगळलेल्या कलमांतच असते.

पुढे याच मुलखातले, पंतसचिव शंकराजी नारायणांच्या वंशाकडे असलेले भोर संस्थान 1948 च्या मार्चमध्ये विलीन झाले. तोवर छापील विमा शेजारच्या साताऱ्यापर्यंत येऊन पोहोचला होता. तेथे 1913 साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, पण तिने उतरविला तो माणसाच्या आयुष्याचा विमा, त्याच्या धंद्याचा नव्हे. धंद्याचा विमा आज सहज मिळतो. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला संरक्षण देणारी पॉलिसी सुरू झाली असून, भोरजवळच्या नसरापूर-कापूरहोळच्या नव्या कारखानदाराला आग, पूर, वादळ आणि दरड यांपासून ती वाचवू शकते. मात्र गिऱ्हाईकच न फिरकल्याने धंदा बसला, तर ती काही देत नाही; बुडालेल्या नफ्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही सामान्यतः मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झाली असेल तरच लागू होतो. 2020 च्या टाळेबंदीत अनेक व्यापाऱ्यांना हे कलम प्रथमच वाचावे लागले.

त्या वर्षी केंद्र सरकारने आपल्या हमीवर लहान उद्योगांना जे तातडीचे कर्ज देवविले, त्यात पहिले वर्ष मुद्दल तहकूब होते. येथवर ते मावळच्या रीतीला धरून होते. परंतु व्याज सुटले नाही, आणि मुळात हे कर्ज 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्यांच्या नावावर आधीचे कर्ज उभे होते त्यांनाच मिळाले. ज्याने त्यानंतर दुकान मांडले त्याच्यासाठी त्या योजनेत जागा नव्हती.