हॉट रॉडच्या प्रतिकृति : जुनें वळण आणि नवें वळण

शाळेंत इतिहास शिकविण्यांत माझीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं. त्यामुळें शिवकालीन नाटकांतील मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलें, कीं माझें नाटकावरचें लक्ष उडतें. मध्यंतरीं असेंच एक घड्याळ मला माझ्या नातवाच्या टेबलावर सांपडलें. त्यावरून आम्हां आजोबा-नातवांत जो वाद झाला, तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

नातवानें प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून १९३२ सालच्या फोर्ड मोटारीची प्रतिकृति केली होती. ती साधी मोटार नव्हती, हॉट रॉड होती. म्हणजे जुनी गाडी हलकी करून व तिचें एंजिन सुधारून वेगासाठीं सिद्ध केलेली. खालीं चिठ्ठी होती : 'पारंपरिक पद्धति, १९४८.' परंतु आंत एंजिन होतें शेव्हरोलेचें व्ही-आठ, आणि तें तर १९५५ सालीं निघालें! मीं लाल शाईची खूण करावी तसें बोट त्यावर ठेवलें.

या गाड्यांचा जन्म दक्षिण कॅलिफोर्नियांतला. तेथें म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या सरोवरांचे तळ मैलोगणती सपाट पसरलेले आहेत. त्यांवर तरुण लोक आपापल्या गाड्यांचा वेग अजमावीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापिली. फोर्डनें १९३२ सालीं सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडींत ६५ अश्वशक्तीचें व्ही-आठ एंजिन बसविलें होतें. पुढें त्या गाड्या जुन्या बाजारांत स्वस्त मिळूं लागल्या. मग कोणी वजन कमी व्हावें म्हणून मडगार्डें काढलीं, कोणी वारा अडूं नये म्हणून छत कापून बुटकें केलें, कोणी एका कार्ब्युरेटरच्या जागीं दोन-तीन बसविले. त्या रूपाला कारण होतें तें वेगाचें आणि रिकाम्या खिशाचें.

नवें वळण आलें तें बरेंच नंतर. १९७० नंतरच्या दोन दशकांत जॉन बुटेरा, बॉइड कॉडिंग्टन अशा कारागिरांनीं गाडीचें अंग गुळगुळीत केलें. दाराच्या मुठी नाहींशा झाल्या, सगळीकडे एकच रंग आला, आणि अखंड अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून चाकें कोरून निघूं लागलीं. या झगझगाटाला विटलेले लोक पुन्हां पोलादी चाकांकडे व जुन्या फोर्ड एंजिनाकडे वळले, आणि त्यांनीं आपल्या वळणाला 'पारंपरिक' हें नांव आवडीनें लाविलें.

प्रतिकृतींतही हेच दोन पंथ आहेत. पुष्कळ संच पंचवीसांश प्रमाणाचे असतात. १९३२ च्या फोर्डच्या पुढल्या व मागल्या चाकांतलें १०६ इंचांचें अंतर तेथें सुमारें सव्वाचार इंच भरतें. खऱ्या गाडीचें छत तीन इंच कापलें, तर येथें तीन मिलिमीटर कापावें लागतें. नव्या वळणांत घासण्याच्या कागदाची परीक्षा असते. रंगाखालीं एक चरा राहिला तरी तो आरशांतल्यासारखा दिसतो. जुन्या वळणांत मळका रंग चालतो, पण चाक, टायर, एंजिन या प्रत्येकाचें साल ठाऊक असावें लागतें. माझा ओढा अर्थातच जुन्या वळणाकडे होता.

माझें बोलणें ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, पण १९४८ सालचीं तीं मुलें तरी जुनें करीत होतीं का?"

मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. त्या मुलांना परंपरा कसली? त्यांना हवें होतें सर्वांत नवें. हाताला लागलें तें त्यांनीं बसविलें. १९५५ चें एंजिन त्यांना आधीं मिळतें, तर त्यांनीं तें खचित सोडलें नसतें. प्रतिकृतींचा इतिहासही हेंच सांगतो. डेट्रॉइटकडील एएमटी कंपनीनें १९५८ सालीं तीन पर्यायांचे संच काढले : गाडी मूळ रूपांत करा, हौसेप्रमाणें सजवा किंवा शर्यतीची करा. एड रॉथची फायबरग्लासची 'आउटलॉ' ही गाडी त्या काळीं विलक्षण नवी वाटे; रेव्हेल कंपनीनें १९६२ सालीं तिचा संच विकावयास आणला. तेव्हांचे हे नवे नखरे आज जुन्या वळणाचे नमुने म्हणून जपले जातात.

मग सालाचा आग्रह व्यर्थ काय? मला तसें वाटत नाहीं. त्या मुलांना सालाची पर्वा नव्हती, कारण तीं त्या सालांत जगत होतीं. आपण बाहेरून पाहणारे. त्यांच्याजवळ काय होतें व काय नव्हतें, हें जाणल्यावांचून त्यांची करामत आपल्याला कळावयाची नाहीं. शेव्हरोलेचें एंजिन घातलें, कीं जुन्या फोर्ड एंजिनाशीं त्यांनीं केलेली झटापट पुसली जाते. नवें वळण हवें तर खुशाल घ्यावें. फक्त त्याखालीं जुनें साल लिहूं नये.

नातवानें अखेर एंजिन बदललें नाहीं. त्यानें चिठ्ठींतलें १९४८ खोडून १९५७ केलें, आणि मग टायर त्या सालाला शोभतात कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं माझें भिंग मागून नेलें.