कोंडलेल्या माणसाचे हात : द्रासचा बर्फ, तंजावरचा पाऊस आणि सरफोजीराजे



गेल्या महिन्यात साताऱ्यातल्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, बर्फात सहा महिने अडकल्यावर लढाई नसेल तर तुम्ही करता काय?" सगळे हसले. मीही हसलो आणि "गस्त घालतो, बर्फ उपसतो" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. आज त्याचं नीट उत्तर देणार आहे. त्यासाठी मी तुम्हाला आधी द्रासला नेईन आणि मग थेट खाली कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरला. मधला रस्ता लांब आहे, पण तो एकाच माणसाने जोडलेला आहे.

१९८६-८७ चा हिवाळा. मी मद्रास सॅपर्समध्ये कॅप्टन होतो. आमच्या जवानांना सगळं सैन्य 'तंबी' म्हणतं. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. नोव्हेंबरात झोजिला बंद झाला की वर असलेला माणूस वरच राहतो. रॉकेल, पीठ, डाळ, औषधं, सगळं आधीच साठवलेलं असतं. बाहेर उणे तीसच्या खाली पारा. सलग पाच-पाच दिवस बर्फ पडतो, झोपडीचं दार आतून उघडत नाही. अशा वेळी थंडीचा त्रास होतोच, पण त्याहून जास्त त्रास रिकामपणाचा होतो. माणूस भिंतीकडे बघत बसायला लागला की अधिकाऱ्याने सावध व्हायचं असतं.

आमच्या तुकडीत तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडजवळच्या एका खेड्यातले हवालदार होते. पुढे ते सुभेदार होऊन निवृत्त झाले, म्हणून मी त्यांना सुभेदारसाहेबच म्हणेन. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला होता. पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कामाला लावलं. रेशनच्या लाकडी खोक्यांची फळी फळी सुटी केली, खिळे सरळ करून डब्यात ठेवले. त्यातून मांडण्या झाल्या, बाकडी झाली, एक कॅरम बोर्ड झाला. तुपाचे डबे कापून बुखारीच्या धुराड्याला नवीन नळी केली. फुटलेल्या जेरीकॅनचं बर्फ उपसायचं फावडं केलं. मी इंजिनिअर, पण रंधा कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलं. माझी पहिली फळी वाकडी निघाली. ते म्हणाले, "सर, लाकडाची चूक नाही." एवढंच. एप्रिलपर्यंत माझ्या हातून एक सरळ पेटी तयार झाली. ती अजून माझ्याकडे आहे, पदकं तिच्यातच ठेवतो.

आता एकदम पुढे येऊ. १६ नोव्हेंबर २०१८. पहाटेच्या वेळी 'गज' चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या मधे किनाऱ्यावर चढलं. पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाड, मन्नारगुडी या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. विजेचे खांब हजारोंनी पडले. दोन दिवसांनी सुभेदारसाहेबांच्या मुलीचा फोन लागला. स्वयंपाकघरावर माड पडला होता, पुढच्या छपराची कौलं उडाली होती. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "काका, अप्पा काही बोलत नाहीत."

सुभेदारसाहेबांना वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला होता.

मी हत्यारांची पेटी उचलली आणि २० तारखेला तिथे पोचलो.

कावेरीच्या खोऱ्यात बर्फ नसतो, पण तिथलाही एक ऋतू माणसाला घरात कोंडतो. आपला पाऊस जूनमध्ये येतो, त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐप्पसी आणि कार्तिगै हे त्यांचे महिने. शेतात भात उभा असतो, बांध चिखलात बुडालेले असतात. एरवी या दिवसांत माणसं ओट्यावर बसून दोऱ्या वळतात, टोपल्या दुरुस्त करतात. त्या वर्षी मात्र डोक्यावर छप्परच नव्हतं आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. नुकसानीचे अर्ज भरून झाले होते, पण अर्ज पाऊस अडवत नाही.

सुभेदारसाहेब ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी सलाम केला, त्यांनी डावा हात किंचित उचलला. वहिनी म्हणाल्या, "अण्णा, जेवा आधी." मी जेवलो आणि कामाला लागलो. आधी ताडपत्री बांधली, मग मोडलेले वासे उतरवले.

छप्पर कशाने शाकारायचं? कौलं मिळत नव्हती, पत्र्याचे भाव चढले होते. पण नारळाच्या झावळ्या जिकडेतिकडे पडल्या होत्या. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, झाप विणायचे. तमिळमध्ये त्याला कीट्रु म्हणतात. झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरायची. दोन-तीन दिवस तळ्यात भिजत टाकायची म्हणजे पाती लवचीक होतात. मग एकाआड एक पात खालून-वरून घेत विणत जायचं. शाकारणी खालच्या कडेपासून सुरू करून वर आढ्याकडे न्यायची, म्हणजे वरचा झाप खालच्यावर चढतो आणि पाणी आत न शिरता ओघळून जातं. काथ्याच्या सुंभाने बांबूला गाठ मारायची. हे मी आता सांगतोय, तेव्हा मला यातलं अर्धंच माहीत होतं. मी झाप फार विरळ लावत होतो. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि खालून आवाज आला, "सर, दाट. अजून दाट. दर वेळी निम्मा झाकला पाहिजे."

तीन दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले होते.

२३ तारखेला कार्तिगै दीपम होतं. वीज नव्हती, पण प्रत्येक उंबऱ्यावर पणत्या लागल्या. त्या आठवड्यात पाऊसही आला. एके दिवशी काम करणं अशक्य झालं, तेव्हा मी वाट काढत तंजावरला गेलो. सरफोजीराजांच्या नावाने उभं असलेलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहायचं होतं.

इथे जरा इतिहास सांगतो, कारण महाराष्ट्रात आपण तंजावरकरांना दोन ओळींत उरकतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापन केली आणि शेवटी ती इंग्रजांनी खालसा केली, संपलं. मीही असाच शिकलो. सैनिकाच्या मनात तर आणखी एक अढी असते : लढला नाही, पेन्शन घेतली.

सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी या मुलाला दत्तक घेतलं. राज्य मात्र अमरसिंहांकडे गेलं. मुलाला कोंडून ठेवलं, शिकू दिलं नाही. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने खटपट करून त्याला सोडवलं आणि मद्रासला शिकायला पाठवलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, कंपनीने तह करून सगळं राज्य ताब्यात घेतलं. राजाकडे उरला किल्ला आणि आसपासची थोडी जागा. शिवाय वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस. फौज गेली, न्याय गेला, वसुली गेली. समोर अख्खं आयुष्य होतं आणि करायला काही नव्हतं. ही चौकी मला ओळखीची वाटली. फक्त बर्फाच्या जागी तह होता.

मग या माणसाने काय केलं?

१८०१ मध्ये त्याने रेसिडेंट बेंजामिन टोरिनला पत्र लिहून एक गोष्ट मागून घेतली : छत्रं माझ्याकडे राहू द्या. छत्रं म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरच्या धर्मशाळा. तिथे वाटसरूला जात न विचारता जेवण मिळे, आजाऱ्याला औषध, पोरक्या मुलांना अक्षरओळख. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्याच काळातलं. सुभेदारसाहेबांच्या घरापासून ते जवळच आहे.

१८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात छापखाना उभा राहिला, देवनागरी खिळ्यांचा. १८०६ मध्ये त्यातून इसापच्या गोष्टी मराठीत निघाल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं ते १८३१ साली. म्हणजे पंचवीस वर्षं आधी, तमिळ मुलखात, मराठी मुलांसाठी पुस्तक छापून तयार होतं.

१८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले. त्यांच्या सोबत्याने, थॉमस रॉबिन्सनने, राजाच्या खोल्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, ग्रीक, लॅटिन पुस्तकांची कपाटं, हवा काढायचा पंप, वीज निर्माण करायचं यंत्र, आकाश पाहायची उपकरणं आणि हस्तिदंताचा मानवी सांगाडा. हस्तिदंताचा का? राजवाड्यात मेलेल्या माणसाची हाडं कशी ठेवणार? पण शरीर तर शिकायचं आहे. मग कारागिराकडून सांगाडा घडवून घ्यायचा. तुपाच्या डब्याचं धुराडं करणाऱ्या माणसाची हीच रीत असते. पाहुण्यांसमोर छापखान्यावर मराठीत एक वाक्य छापून दाखवलं, असंही रॉबिन्सन लिहितो. ग्रंथालयाच्या संग्रहात डोळ्यांच्या रुग्णांचे कागदही आहेत. त्यात रोगाची नोंद आहे आणि शेजारी तो आजारी डोळा रंगांत काढलेला आहे. मोतीबिंदूचा करडा रंगसुद्धा चित्रकाराने पकडला आहे.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब राजाच्या प्रेमात पडले. तसं नाही. दोन गोष्टी मला खटकतात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पहिली, वर्षाला लाख होन मिळत असतील तर छंद परवडतात. तो छापखाना चालवणारे हात स्थानिक ख्रिस्ती कामगारांचे होते, सांगाडा घडवणारे हात कुणा कारागिराचे. त्यांची नावं आपल्याला सहज सापडत नाहीत. दुसरी, १८१४-१५ मध्ये सरफोजींनी समुद्रकिनाऱ्यावर आठ मजली मनोरा बांधला, तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. ज्याने राज्य घेतलं त्याच्या विजयाचा मनोरा आपण बांधायचा! सैनिक म्हणून हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

तरीही त्या पावसात परत येताना माझी अढी सैल झाली होती. लढण्यासारखं काहीच हातात उरलेलं नसताना माणसाने काय करावं, हा प्रश्न युद्धशास्त्राच्या पुस्तकात नाही. सरफोजी वाटेल तसे मजेत दिवस काढू शकले असते, तसे काढणारे संस्थानिक कमी नव्हते. त्यांनी कोंडलेल्या जागेची कार्यशाळा केली. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी गेले आणि कंपनीने गादी खालसा केली. पण ग्रंथालय राहिलं. ज्या कलावंतांना त्या दरबाराने आश्रय दिला त्यांची कला गल्लीतल्या घरांत राहिली. लाकडी फळीवर कापड चिकटवून, खडूच्या लगद्याने उठाव देऊन, सोन्याचा वर्ख लावलेली तंजावर चित्रं आजही माणसं घरात बसून करतात. मान डोलावणाऱ्या बाहुल्याही तशाच, कागदाच्या लगद्याच्या. राज्य एका सहीने गेलं, ही कामं गेली नाहीत.

गावी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ओट्यावर सुभेदारसाहेब खुर्चीत नव्हते, खाली जमिनीवर बसले होते. समोर भिजवलेली झावळी. एक टोक त्यांनी पायाखाली दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने पाती विणत होते. दुसऱ्या बाजूने नऊ वर्षांची नात पात उचलून देत होती. वीण वाकडी होती. मी बघतोय हे त्यांना कळलं.

मी म्हणालो, "साहेब, झावळीची चूक नाही."

वादळानंतर पहिल्यांदाच ते हसले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काय झालं ते बघायला.

छप्पर पूर्ण व्हायला अजून नऊ दिवस लागले. त्यात त्यांनी आणि नातीने मिळून चौदा झाप विणले. ते सगळे आम्ही स्वयंपाकघरावर लावले, चुलीच्या बरोबर वर. झापाचं छप्पर दोन-तीन वर्षं टिकतं. पुढे तिथे कौलं आली. पण त्या डिसेंबरातल्या पावसात घरात एक थेंब गळला नाही. उजवा हात शेवटपर्यंत परत आला नाही. २०२१ मध्ये सुभेदारसाहेब गेले. तोवर ते डाव्या हाताने टोपल्या करत होते.

तर सातवीतल्या माझ्या मित्रा, तुझं उत्तर हे. बर्फात अडकल्यावर आम्ही खिळे सरळ करायचो. आधी एक, मग दुसरा. डबा भरला की त्यातून काय करायचं ते सुचत जायचं.

पुढच्या भागात व्यंकोजीराजांच्या तंजावर मोहिमेबद्दल बोलू, त्यात लढाई आहे. तोवर रजा घेतो. घरात एखादं मोडकं स्टूल असेल तर या रविवारी काढा बाहेर.

जय हिंद.