पाणबुडीचे पितळी झाकण

७ फेब्रुवारी १९९२ रोजी माझगाव गोदीत बांधलेली ‘शाल्की’ नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. त्याच वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही तिघांनी पाणबुडी करायला घेतली, हे काहींना आठवत असेल.

डबा लोखंडी होता. झाकण कशाचे करायचे? मी भंडाऱ्याचा, पितळी भांड्यांचे आपले गाव, म्हणून मी पितळच धरून बसलो. चिखल्याच्या खाणकामगाराचा मुलगा म्हणाला, “डबा लोखंडाचा, तर झाकणही लोखंडाचंच पाहिजे.” आम्ही त्याला हसलो.

मिठाच्या पाण्यात आठवडाभरातच सांध्याजवळचे लोखंड गंजले आणि डबा गळू लागला. डाख त्याने दिला होता, म्हणून आम्ही दोष त्याच्यावरच टाकला. तो काहीच बोलला नाही.

कारण नंतर सरांनी समजावले. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू टेकले की विजेचा घट तयार होतो. त्यात लोखंड झिजते. साधे पितळही समुद्रात टिकत नाही, जस्त निघून जाऊन ठिसूळ तांबे उरते. शिवाय दहा मीटर खोलीवर ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पाण्याचा पावणेतीन टनांहून अधिक भार येतो. म्हणून पोलादी पाणबुडीला सहसा पोलादी झाकण. त्या पोलादाला बळकटी देणारे मँगनीज चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींत निघते.

मित्रा, डाख पक्का होता. चूक माझ्या पितळेची होती. हे तेव्हाच सांगायला हवे होते.