काथ्याला चिकटलेली वाळू

विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरचा काथ्या जर्मनीस जात असे. त्याला चिकटून गेलेल्या पिवळसर, जड कणांनी शोम्बर्ग नामक जर्मन रसायनज्ञाचे लक्ष वेधले, असे सांगतात. १९०९ साली तो त्यांचा माग काढीत मनवालकुरिचीच्या पुळणीवर पोहोचला. ते कण मोनाझाइटचे होते. त्यात थोरियम असते, आणि गॅसबत्तीची जाळी शुभ्र प्रकाशाने उजळते ती थोरियममुळे.

ही खनिजे किनाऱ्यावर आली कशी? पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील अतिप्राचीन स्फटिकी खडक झिजतात. नद्या त्यांचा चुरा समुद्रास देतात. पुढची निवड लाटा करतात. गारगोटीचा कण पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, तर मोनाझाइटचा सुमारे ५ पट. लाट चढते ती जोराने, परतते ती मंदपणे; परतताना हलके कण नेते आणि जड कण मागे ठेवते. हे जड कण बहुधा बारीक असतात. मोठ्या कणांच्या आडोशास बसले की ते सहसा उचलले जात नाहीत. पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्राने हे पाखडणे सहस्रावधी वर्षे केले. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. परंतु ती मुख्यतः बसाल्टपासून झालेली असल्यामुळे तीत मोनाझाइट जवळजवळ नाही. वाळू आपले कुळ विसरत नाही.

पहिल्या महायुद्धात शोम्बर्ग अटकेत पडला आणि उद्योग ब्रिटिशांच्या हाती गेला. विजेच्या दिव्यांनी गॅसबत्ती मागे सारली. मग जे इल्मेनाइट निरुपयोगी म्हणून टाकले जाई, त्यास पांढऱ्या रंगाच्या कारखान्यांकडून मागणी आली. अणुयुग उजाडताच मोनाझाइटचा भाव पुन्हा वधारला. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली, आणि १९५२ साली आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. होमी भाभांच्या अणुयोजनेचा तिसरा टप्पा थोरियमवरच बेतलेला होता.

वाळू तीच राहिली; बदलत गेली ती माणसाची गरज. मात्र उपसलेली पुळण गावाचा बांधही असते. समुद्र आणि खाडी यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या आलप्पाड गावाने २००४ च्या त्सुनामीचा तडाखा सोसला होता. २०१८-१९ मध्ये तेथील कोळ्यांनी खाणकामाविरुद्ध आंदोलन केले. लाटांनी युगानुयुगे साठविलेले धन यंत्रे काही वर्षांत उपसू शकतात. गावाखालची जमीन मात्र तितक्या लवकर भरून येत नाही.